पाचवा शब्द

मास्तरांवरचा माझा राग अजून गेलेला नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर राग धरू नये हे मलाही कळतं. पण राग म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे, दुपार झाली की मान टाकायला. राखेचा बुधवार आला, उपवासाचे चाळीस दिवस सुरू झाले, की मला मास्तर आठवतात आणि त्यांच्यासमोर ठेवलेला तो पाण्याचा पेला आठवतो.

ज्यांना आम्हा ख्रिस्ती लोकांची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रभूला क्रुसावर खिळलं तो उत्तम शुक्रवार. त्या दिवशी आम्ही बारा ते तीन चर्चमध्ये बसतो. तीन वाजेपर्यंत पोटात अन्न जात नाही, आणि त्या काळी आमच्याकडची माणसं पाणीही घेत नसत. क्रुसावर असताना प्रभू सात वेळा बोलले. त्याला आम्ही सात शब्द म्हणतो. एकेका शब्दावर मंडळीतला एकेक माणूस उभा राहून बोलतो, मधे गायन होतं. पहिला शब्द क्षमेचा. पाचवा तहानेचा. ज्याला शब्द मिळायचा तो वर्षभर जरा ताठ चालायचा, आणि त्याच्या घरची बाई नळावर दोन शब्द जास्त बोलायची.

ही गोष्ट एकोणीसशे पन्नासनंतरच्या चार-सहा वर्षांतली. इंदापुरात आमची पंधरा-वीस घरं होती. चर्चची खरी इमारत बारामतीला आणि पाळकसाहेबही तिकडेच राहत. उपवासकाळात ते आठवड्यातून दोनदा एसटीनं इंदापूरला येत. बगलेत छत्री, खांद्याला कापडी पिशवी. त्या दिवशी दिवेलागणीला एकेका घरी प्रार्थना व्हायची. पेटी आणि तबला त्या घरी आधीच पोचलेले असत. लग्नकार्यं बंद, मटण बंद, चहात दूध नाही, गुळाचा काळा चहा. तो चहा आज मुद्दाम करून पाहिला तरी तसा लागत नाही. वीस माणसं एका खोलीत दाटीवाटीनं बसून बशीतून पितात तेव्हाच तो तसा लागत असावा.

शेजारच्या बायका माझ्या बायकोला विचारायच्या, "तुमच्या उपासाला साबुदाणा चालतो का गं?" ती म्हणायची, "चालतो, पर आमच्यात त्याला उपास म्हणत न्हाईत, जेवान म्हणत्यात."

उत्तम शुक्रवारी आम्ही सगळे इंदापूरकर सकाळच्या एसटीनं बारामतीला जायचो. सात शब्दांपैकी पाच बारामतीकरांचे, दोन आमचे. या दोनांतला एक आलटून पालटून कुणाकडेही जाई. दुसरा, पाचवा, मात्र दरवर्षी मास्तरांचा. मास्तर आमच्या मिशनच्या शाळेत शिकवत, शिवाय इंदापूरच्या मंडळीचे मुख्य पंच. तहानेवर ते वीस मिनिटं बोलत. सगळी मंडळी सकाळपासून कोरडी, मार्च-एप्रिलचं ऊन पत्र्यावर, आणि मास्तरांसमोर जाळीच्या रुमालानं झाकलेला पाण्याचा पेला. बोलता बोलता ते रुमाल बाजूला करत, एक घोट घेत, रुमाल पुन्हा नीट ठेवत. मी मागच्या बाकावर बसून ते घोट मोजायचो.

मी इंदापूरच्या बाजारात भाजी आणि फळं विकत होतो. चौथीपर्यंत याच मास्तरांच्या हाताखाली शिकलो. मग बाप गेला आणि डोक्यावर पाटी आली. पाटीवरून सायकल, सायकलवरून बाजारात स्वतःचा गाळा, हे सगळं मी जिभेवर मिळवलं. बावड्याकडच्या शेतकऱ्यांकडून माल घ्यायचा, थोडा इंदापुरात विकायचा, उरलेला एसटीच्या टपावर टाकून वालचंदनगरला कंपनीच्या कॉलनीत न्यायचा. घेताना पाडायचं, विकताना ताणायचं. माझ्याशी भाव करायला येणाऱ्या बायका घरून पाणी पिऊन येतात, असं लोक म्हणायचे. तोंडात शिवी तयार असे, तेही खरं. माल मोठा असला की आमचा सौदा रुमालाखाली व्हायचा. दोघांनी हात मिळवायचे, वर टॉवेल टाकायचा, आणि बोटं धरून आकडा सांगायचा. तोंडानं काही नाही. बैलबाजारातली ही रीत. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नाही.

त्या वर्षी उपवासकाळाच्या आधी पंचांची बैठक भरली. मी उभा राहून म्हटलं, "यंदा शुक्रवारचा एक शब्द मला द्या."

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आठवडाभर जी जीभ वांग्याचा भाव पाडते, तिनं शुक्रवारी क्रुसाचं बोलायचं? आधी ती जीभ राखेनं घासून ये."

सगळे हसले. मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, पाळकसाहेब घरी आले. बुधवारपासून उपवास सुरू होणार होता, मधले रविवार सोडून चाळीस दिवस. मी सलाम केला आणि तोंड फिरवून बसलो. त्यांनी बैठकीचा विषय काढला नाही. चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "यंदा काय सोडणार आहेस?"

"मटण."

बायको चुलीजवळून म्हणाली, "मटण नाताळात शिजलं होतं, पाळकसाहेब. ते कवाच सुटलंय."

पाळकसाहेब हसले. "सोडताना जे दुखत नाही ते देवाला देऊन काय उपयोग? तू घासाघीस सोड. घेताना पहिला भाव सांगतील तो द्यायचा. विकताना एक भाव सांगायचा. आणि शिवी नाही."

मला वाटलं, चेष्टा करतायत. तोंडाकडे पाहिलं तर चेष्टा नव्हती. मी म्हटलं, "आणि सोडली, तर शुक्रवारचा एक शब्द माझा?"

"ही घासाघीस नाही का?"

"उपवास उद्यापासून आहे."

त्यांनी छत्री उचलून मांडीवर घेतली. मग म्हणाले, "चाळीस दिवस पाळलंस तर एक शब्द तुझा. कोणता, ते मी ठरवणार."

"तहानेचा द्या."

"आजचा दिवस आहे म्हणून फार ताणू नकोस," ते म्हणाले आणि उठले.

मला पाचवाच हवा होता. मास्तरांच्या हातून काढून घ्यायचा होता, हे तर होतंच. पण तेवढंच नव्हतं. तहान काय असते ते पेल्यावर जाळीचा रुमाल घालणाऱ्याला काय माहीत, आणि मला ते कसं माहीत आहे, हे मला एकदा त्या जागेवर उभं राहून सांगायचं होतं.

बावड्याला नदीकाठी एक तात्या होते. मळ्यात वांगी-मिरची, आणि उन्हाळा लागला की नदीच्या पात्रात, वाळूत, कलिंगडं. आठ वर्षं मी त्यांचा माल घेत होतो आणि आठ वर्षं आम्ही भांडत होतो. मला बघितलं की ते बांधावरूनच म्हणायचे, "आलं बगा शेट, आमाला लुटाया." मी म्हणायचो, "तात्या, तुमाला लुटणारा अजून जन्मायचाय." मग तासभर ते. सौदा झाला की मी पाणी मागायचो. तात्या तांब्या आणायचे, मी खाली वाकून ओंजळ धरायचो आणि ते वरून पाणी ओतायचे. तांब्या माझ्या ओंजळीला लागू नये एवढ्या उंचीवरून. आम्ही पूर्वी कोण होतो ते गावाला माहीत होतं. प्रार्थना बदलली म्हणून ओंजळ सुटली नव्हती. मी कधी काही बोललो नाही, आणि तात्यांच्या मनातही काही वाकडं नव्हतं. असंच असतं, असं दोघंही धरून चाललो होतो. सायकल हाणत आलेल्या माणसाचं अर्धं पाणी कोपरावरून गळून जायचं, एवढंच.

उपवास लागल्यावर पहिल्यांदा गेलो तेव्हा तात्यांनी वांग्याचा भाव सांगितला. नेहमीसारखा दीडपट. मी म्हटलं, "बरं."

"काय बरं?"

"दिला."

तात्या माझ्याकडे बघत राहिले. मग वांग्याच्या ढिगाकडे बघितलं. मग सुनेला हाक मारून म्हणाले, "पोती बांदू नगं गं. थांब जरा." आणि मला म्हणाले, "इंदापुरात भाव चडलाय का?"

"न्हाय."

"मंग तुला बरं न्हाय का?"

"बरा हाय."

"मंग मी न्हाय देत. तू भाव न पाडता घितोस म्हंजी ह्यात कायतरी गोम हाय."

त्या दिवशी मी रिकामी सायकल घेऊन परतलो. वालचंदनगरच्या कॉलनीत गेलो तर तिथं उलटी तऱ्हा. बंगल्यातल्या बाई म्हणाल्या, "कमी काही नाही?" मी म्हटलं, "नाही बाई, एकच भाव." भाव आधीच्यापेक्षा कमी होता. तरी त्या पिशवी हलवत निघून गेल्या. जाताना शेजारणीला म्हणाल्या, "माजलाय मेला." पूर्वी मी चढवून सांगायचो, त्या उतरवायच्या आणि दोघंही खूश होऊन घरी जायचो. आता मी खरं बोलत होतो आणि कुणालाच ते आवडत नव्हतं. लासुर्ण्याजवळ एकदा एका ट्रकवाल्यानं माझी टोपली चाकाखाली घेतली. शिवी ओठापर्यंत आली. मी ती परत गिळली. त्या दिवशी दुसरं काही खाल्लं नाही तरी पोट भरल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्यात मी तात्यांना खरं काय ते सांगून टाकलं. उपवास आहे, चाळीस दिवसांचा, आणि असा असा आहे.

"चाळीस दिस? आमचा श्रावण बी तिसात आटपतो." त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "आन् खायाचं सोडून बोलायचं सोडलंस? तुमच्या पाद्र्याचं डोस्कं लई चालतंय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "उपासाच्या माणसाला फशीवलं तर मला पाप लागंल. बस हितं. खरा भाव सांगतो."

त्यांनी खरा भाव सांगितला. मी हो म्हटलं. पाच मिनिटांत सौदा संपला. आता पुढं काय, ते दोघांनाही कळेना. आठ वर्षांत आम्ही भावाशिवाय काही बोललोच नव्हतो. बांधावर दोघं बसलो. तात्या काडीनं माती उकरत होते. शेवटी म्हणाले, "करमत न्हाय बग असलं." आणि मग त्यांनी हळूहळू सांगायला सुरुवात केली. त्यांची थोरली मुलगी बाळंतपणात गेली होती, माझा त्यांचा व्यवहार सुरू झाला त्याच वर्षी. मी पहिल्यांदा वांगी घेऊन गेलो त्या दिवशी तिचा तेरावा होऊन चार दिवस झाले होते. मी त्या दिवशी त्यांच्याशी एका पाटीवरून तासभर भांडलो होतो. ते म्हणाले, "बरं वाटलं हुतं तवा. भांडताना इसरलो हुतो घटकाभर."

त्यानंतर मी आठवड्यातून दोनदा जायचो आणि सौद्यानंतर बसायचो. ऊन वाढलं, कलिंगडं धरली. एका दुपारी आम्ही नदीच्या पात्रात होतो. तात्यांनी हातानं वाळू उकरून झिरा केला. गढूळ पाणी दोनदा उपसून टाकलं, मग खालून निवळशंख पाणी वर आलं. तांब्या भरला. मी सवयीनं वाकून ओंजळ पुढं केली.

तात्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"घे. उपासाचा माणूस तू. वरनं कसं वतू?"

मी तांब्या तोंडाला लावला. मी परत दिल्यावर त्यांनी तो झिऱ्यात बुडवला आणि स्वतः प्याले. मी सायकल काढली. बोरी-बाभळी ओलांडून सडकेला लागलो तेव्हा शुक्रवारी काय बोलायचं ते माझ्या मनात अक्षर न् अक्षर तयार होतं. मास्तरांना वीस मिनिटं लागायची. मला चार पुरली असती.

मास्तरांना माझा नेम कळला होता. एका बाजारच्या दिवशी ते गाळ्यावर आले. कोबीचा गड्डा उचलून म्हणाले, "कसा?"

मी सांगितलं.

"पाच आणे? तीन घे."

"एकच भाव आहे, मास्तर."

"तीन. कोबी किडका आहे."

कोबी किडका नव्हता. भोवती माणसं जमली. मी म्हटलं, "मास्तर, उपवास माझा आहे आणि भाव तुम्ही पाडताय."

माणसं हसली. मास्तर कोबी ठेवून निघून गेले. एका शब्दानं मी नियम मोडला नव्हता. पाळकसाहेबांना नंतर विचारलंही. ते म्हणाले, "काठावरनं गेलास, पण पार गेलास."

उत्तम शुक्रवाराच्या आधीच्या रविवारी, त्याला आम्ही झावळ्यांचा रविवार म्हणतो, पाळकसाहेबांनी नावं वाचली. पाचवा शब्द, मास्तर. माझं नाव त्याआधीच आलं होतं. सगळ्यात पहिलं. पहिला शब्द, क्षमेचा.

बायकांच्या बाजूनं माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. तिचा चेहरा उजळला होता, कारण तिच्या नवऱ्याला शब्द मिळाला होता. मला मात्र मार बसल्यासारखं झालं. पाळकसाहेब साधे दिसायचे, पण त्यांच्याइतका पक्का सौदा करणारा माणूस मी बाजारात पाहिला नाही. क्षमेवर मी काय बोलणार होतो? माझ्याकडं माल होता तहानेचा.

चार दिवस कसेबसे काढले. गुरुवारी दुपारी मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात कडुनिंबाखाली बाजेवर बसले होते. मी सरळ विषयाला हात घातला. "मास्तर, बदल करू. तुम्ही पहिला घ्या, मला पाचवा द्या."

त्यांनी चिडावं अशी माझी अपेक्षा होती. ते चिडले नाहीत. म्हणाले, "मला काय मिळेल?"

ईस्टरच्या जेवणाची फळं त्या वर्षी इंदापूरकरांनी आणायची होती. ते काम मास्तरांकडं होतं आणि त्यांनी काहीही केलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "ईस्टरची कलिंगडं माझ्याकडून."

"किती?"

इथं माझा हात माझा राहिला नाही. पंधरा वर्षांची सवय. मी खांद्यावरचा टॉवेल काढला, मास्तरांच्या शेजारी बसलो आणि हात पुढं केला. हा माणूस पेटी आणि पट्टीशिवाय हातात काही न धरलेला, त्याला काय कळणार, असंही मनात आलं. मास्तरांनी माझा हात धरला आणि टॉवेल स्वतः वर ओढून घेतला. मी दोन बोटं धरली, एका बोटाला पाच, म्हणजे दहा. त्यांनी ती झटकली आणि सबंध पंजा आवळला. मी तीन. त्यांनी पुन्हा पंजा. त्यांची बोटं अशी चालत होती की मी चाट पडलो. बैलबाजारात मुरलेल्या दलालाची ती बोटं होती. आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडं बघत होतो आणि टॉवेलाखाली झटापट चालली होती. मला फार दिवसांनी बरं वाटत होतं. शेवटी चार बोटांवर आलो. वीस कलिंगडं. त्यांनी हात दाबला. सौदा पक्का.

"हे कुठं शिकलात?" मी विचारलं.

"वडील बैलांचे दलाल होते," मास्तर म्हणाले. "बारामतीच्या बाजारात. दहा वर्षांचा होईपर्यंत मी त्यांच्याबरोबर होतो." त्यांचा हात अजून टॉवेलाखाली, माझ्या हातात होता. तो न सोडता त्यांनी विचारलं, "उपवासाचा आजचा कितवा दिवस रे?"

अडतिसावा होता.

मी ते विसरलो होतो असं नाही. मला ते आठवलंच नव्हतं. सदतीस दिवस शिव्या गिळल्या, गिऱ्हाइकं घालवली, आणि ज्या शब्दासाठी हे सगळं केलं त्याच शब्दाची घासाघीस करून नेम मोडला. मास्तरांनी मला मुद्दाम त्यात ओढलं, की टॉवेल दिसल्यावर त्यांचाही हात त्यांचा राहिला नाही? मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. बाजारात माणसाचं तोंड मला वाचता येतं. त्या दिवशी आलं नाही.

शुक्रवारी सकाळी एसटीत मास्तर पुढच्या सीटवर होते. बारामतीला उतरल्याबरोबर मी झपाझप चालत त्यांच्या आधी चर्च गाठलं आणि मागच्या खोलीत पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, हा हिशेब त्यातही होता.

ते काळा झगा घालत होते. ऐकून थांबले. "तोंडानं केलीस?"

"नाही. रुमालाखाली."

"देवाला रुमाल जाड पडतो का?"

"नाही पडत."

"मग आता?"

"वीस कलिंगडं मी देणार. हात दिलाय. पाचवा शब्द मास्तरांकडंच राहू द्या. त्या मार्गानं आलेला मला घेता येत नाही."

"आणि पहिला?"

"तो चाळीस दिवसांचा होता. अडतीस झाले नाहीत."

एवढं बोलून मी वाट बघितली. बाजारात आपण भाव सांगून गप्प बसतो आणि समोरचा जरा खाली येईल म्हणून वाट बघतो, तशी. पाळकसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो खूप वेळ ठेवला. पण ते खाली आले नाहीत.

बारा वाजता घंटा झाली. पहिलं गायन संपलं. पाळकसाहेब म्हणाले, "पहिल्या शब्दावर बोलायला आज कुणी नाही. आपण तेवढा वेळ शांत बसू."

अख्खी मंडळी बसली. ताडाचे पंखे हलत होते. बाहेरच्या रस्त्यानं एक टांगा गेला, त्याच्या घोड्याच्या टापा शेवटपर्यंत ऐकू आल्या. कुणाचं तरी पोर कुरकुरलं आणि गप्प झालं. माझी बायको पदराची कड दाताखाली धरून समोर बघत होती. तिनं माझ्यासाठी नवी टोपी धुऊन, खळ घालून आणली होती. ती माझ्या मांडीवर होती. क्षमेच्या शब्दावर त्या वर्षी कुणीच बोललं नाही, आणि त्या पंधरा मिनिटांएवढी लांब पंधरा मिनिटं माझ्या आयुष्यात पुन्हा आली नाहीत.

पाचव्या शब्दाला मास्तर उठले. पुढं गेले. मी सवयीनं पेल्याकडं बघितलं.

पेला नव्हता. जाळीचा रुमालही नव्हता.

मास्तरांनी सुरुवात केली. नेहमीचंच भाषण होतं, मला ते पाठ होतं. निम्म्यावर त्यांचा घसा सुकला. त्यांनी खाकरून पाहिलं, पुन्हा दोन वाक्यं बोलले, मग आवाज चिरकला आणि थांबले. ओठांवरून जीभ फिरवत काही वेळ तसेच उभे राहिले. नंतर बोलणं अर्धं टाकून जागेवर जाऊन बसले.

तीन वाजल्यानंतर, सगळे पाण्याच्या माठाकडं गेले तेव्हा, मी चर्चच्या शिपायाला गाठलं. "पेला ठेवायला विसरलास का?"

"मी कशाला विसरतोय," तो म्हणाला. "सकाळी ठेवलावता. मास्तरच म्हनले, उचल."

त्यांना माझ्यामुळं लाज वाटली, की वय झाल्यावर त्या वर्षी उपवास आमच्यासारखा कडक पाळावासा वाटला, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला ते ऐकून रागच आला. पेला असता तर माझं काम सोपं होतं.

शनिवारी बावड्याला गेलो. तात्यांनी एकेक कलिंगड टिचकी मारून निवडून दिलं. भाव विचारला तर म्हणाले, "उपास सुटला का तुझा?"

"उद्या."

"मंग आज भावाचं बोलायचं न्हाय. माल घिऊन जा. सोमवारी ये. सोमवारी बगू तुझ्याकडं."

ईस्टरच्या दुपारी चर्चच्या आवारात कलिंगडं कापली. मास्तरांनी उभं राहून सांगितलं, "ही फळं इंदापूरच्या मंडळीकडून." माझं नाव घेतलं नाही. फोड मात्र पहिली माझ्या पानात त्यांनीच वाढली. मी ती खाल्ली. त्याबद्दल मी आभार मानले नाहीत, त्यांनीही मागितले नाहीत.

सोमवारी तात्या बांधावर वाटच बघत होते. "आलं बगा शेट," ते म्हणाले, आणि असा भाव सांगितला की ऐकून बैलानं मान वर करावी. मी टॉवेल काढला. दीड महिन्याची कसर आम्ही त्या दिवशी भरून काढली. सून दोनदा बाहेर येऊन बघून गेली, भांडणं लागली की काय म्हणून. सौदा झाल्यावर मी पाणी मागितलं. उपवास सुटला होता, म्हणून मी ओंजळ पुढं करू की नको या विचारात होतो. तात्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. पुढं ते असेपर्यंत तो हातातच दिला.

मास्तर गेल्यावर पाचवा शब्द माझ्याकडं आला. मी तांब्याबद्दल बोललो, चार मिनिटं. पुढच्या बाकावर मास्तरांची जागा रिकामी होती आणि बोलताना माझं लक्ष सारखं तिकडं जात होतं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं भाषण त्यांनी ऐकायला हवं होतं. पाळकसाहेबही तोवर दुसरीकडं गेले होते. चांगलं बोललास, असं बरेच जण म्हणाले.

दरवर्षी नवे पंच येतात आणि मला म्हणतात, "आता तुम्ही सगळ्यांत जुने, यंदा पहिला शब्द तुम्ही घ्या." मी त्यांना म्हणतो, पहिला दुसऱ्या कुणाला द्या. मला पाचवाच पुरे आहे. आणि माझ्यासमोर पेला ठेवू नका.